गणपतीआधी पडवीला रंग नको

कोकणात पडवीच्या लाकडाला रंग द्यायचा हंगाम ठरल्यासारखाच आहे: गणपतीच्या आधीचा आठवडा. मुंबईहून चाकरमानी यायचे असतात, घर उजळलेलं दिसायला हवं, म्हणून श्रावणात रंगाचे डबे येतात आणि खांब, कठडा, बाक सगळं चकचकीत होतं. लाकडासाठी वर्षभरात याहून वाईट वेळ नाही. जून-जुलैचं पाणी पिऊन ते तट्ट फुगलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला बाहेरून लेप देतो. आतलं पाणी आतच कोंडतं. दसऱ्यानंतर ऊन तापलं की ते बाहेर यायला बघतं, रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात. जिथे सुटत नाहीत तिथे परिस्थिती जास्त वाईट, कारण आत बुरशीचं काम चालू असतं आणि वरून काहीच दिसत नाही.

पडवी सणाला छान दिसावी असं मलाही वाटतं. त्यासाठी लाकूड धुऊन पुसून घ्या, भिंतींना चुना द्या, गणपतीच्या डोक्यावरची माटवी, म्हणजे फळा-पानांनी मढवायची लाकडी चौकट, सजवा. लाकडाची दुरुस्ती मात्र तुळशीच्या लग्नानंतर काढायची आणि तेला-रंगाचा शेवटचा हात एप्रिलअखेर संपवायचा.

मी सुताराची मुलगी. रंधा ओढायला वडिलांच्या हाताखाली शिकले, सासर मिळालं तेही कुडाळ तालुक्यातलं, लांबलचक पडवीचं. वाडीतली निम्मी घरं आता वर्षातले दहा महिने बंद असतात, त्यांच्याही पडव्यांवर माझी नजर असते. फणसाचे, ऐनाचे, किंजळीचे जुने खांब अजून ठणठणीत उभे आहेत, आणि त्यांच्याच शेजारी बदललेले नवे सागाचे खांब पायातून भुसभुशीत झालेले आहेत. असं का होतं ते कळलं की निम्मं काम झालं.

पावसाळ्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत एक थेंब अंगावर न पडताही लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढतो. कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वरचा ओलावा लागतो आणि ३० टक्क्यांच्या आसपास ती जोर धरते. म्हणजे कोकणातली पडवी चार महिने अगदी काठावर उभी असते. तिथे एखादं फुटकं कौल, एखादी पाणी साठणारी खाच, एवढं पुरतं. पाऊस पडून वाहून गेला तर लाकूड ते सोसतं. पाणी थांबून राहिलं की कुजतं. आपलं सगळं काम पाणी थांबू न देण्याचं आहे, तेल आणि रंग त्यानंतर.

पाणी कुठून येतं

हे पावसातच बघून ठेवायचं. जोराची सर चालू असताना पडवीत उभं राहा आणि मोबाइलवर फोटो काढा: वळचणीच्या पागोळ्या कुठे पडतात, झड कुठपर्यंत आत येते, कोणत्या वाशावरून पाणी ओघळतं. नैर्ऋत्येचा वारा असल्याने पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू जास्त भिजते. पाऊस संपल्यावर आणखी एक खूण मिळते. पागोळ्यांचं पाणी खालच्या मातीवर आपटून उडतं आणि खांबावर लाल शिंतोडे बसतात. ते जिथपर्यंत दिसतात तो पट्टा, बहुतेक वेळा गुडघ्यापर्यंतचा, तुमच्या खांबाचा धोक्याचा भाग. पुसण्याआधी खडूने रेघ मारून ठेवा.

शिंतोडे थांबवायला उत्तम उपाय पन्हळ. ती नको असेल तर पागोळ्यांच्या खाली दीड-दोन फूट रुंदीचा खडीचा पट्टा टाका. खडीवर पडलेलं पाणी मुरतं. आजकाल पडवीच्या कडेपर्यंत सिमेंटचं खळं करतात किंवा फरश्या घालतात, त्यावरून तेच पाणी दुप्पट उंच उडतं.

कौलांची शाकारणी वैशाखात होतेच, पण शाकारणाऱ्याला वळचणीकडच्या शेवटच्या दोन ओळी मुद्दाम तपासायला सांगा. मधलं कौल फुटलं तर घरात गळतं, लगेच कळतं. वळचणीचं फुटलं तर पाणी थेट वाशाच्या टोकात उतरतं आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. वाशाचं टोक हा लाकडाचा सर्वांत अधाशी भाग. झाड ज्या नळ्यांतून मुळांचं पाणी वर नेत होतं त्या नळ्या कापलेल्या टोकाला उघड्या असतात, त्यामुळे बाजूच्या अंगापेक्षा टोक कितीतरी पटींनी जास्त पाणी ओढतं. खांबाचा तळ, वाशाचं टोक, कठड्याच्या पट्टीची कापलेली बाजू, फळीची दोन्ही टोकं. रंग देणारा माणूस नेमकी हीच टोकं कोरडी सोडून जातो, कारण ती समोरून दिसत नाहीत.

दाभण घेऊन फिरा

तपासणीला एक दाभण किंवा बारीक पेचकस पुरतो. खांबाच्या पायाशी, सांध्यांशी, खिळ्यांच्या भोवती टोचून बघा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरतं आणि बाहेर काढताना तंतू ओढल्यासारखा चिवटपणा जाणवतो. कुजलेल्यात ते मऊ बुडतं. मग हातोडीच्या दांड्याने वाजवा. पोकळ जागी आवाज बद्द येतो.

खाली भुशाची बारीक रास दिसली तर कीड लागली आहे. मातीची नळी वर चढलेली दिसली तर वाळवी. नळी नुसती झाडून टाकू नका, ती कुठून येते ते शोधा. पडवीत रचून ठेवलेली सरपणाची मोळी, जुने पुठ्ठे, भिंतीला टेकलेले वासे, वाळवीचा रस्ता बहुतेक तिथूनच सुरू होतो. ते आधी हलवा.

लाकडाच्या जातीबद्दल थोडं. साग म्हटलं की लोक निर्धास्त होतात. टिकाऊपणा असतो तो सागाच्या गाभ्याला. कडेचा पांढरट भाग सागाचा असला तरी तो कुजतो आणि किडीलाही आवडतो. कमी वयाच्या लागवडीच्या झाडात हा पांढरा भाग जास्त निघतो. नवा खांब घेताना कापलेलं टोक बघा आणि पांढरा पट्टा रुंद असेल तर तो तुकडा घरातल्या कामाला ठेवा. फणसाचा पिवळा गाभा, जो पुढे तांबूस तपकिरी होत जातो, पडवीसाठी मला सागाइतकाच भरवशाचा वाटतो, आणि तो आपल्याच परसात मिळतो. आंब्याची फळी बाहेर वापरू नये.

खांबाचा पाय

पडवीची खरी दुरुस्ती इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या घरांत खांब तळखड्यावर उभा असतो. तो दगड जमिनीच्या वर चार बोटं तरी असायचा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाणी आलं तरी खांबाचा तळ वर, कोरडा. मग कुणीतरी पडवीत फरशी घालतं. फरशीसाठी खाली भर घालतात, तळखडा गाडला जातो आणि सिमेंट थेट खांबाला भिडतं. खांब आणि फरशी यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. लादी पुसली की त्यात पाणी, झड आली की त्यात पाणी, आणि ते वर यायला वाट नाही. तिथली फरशी काढली की काय दिसतं तर वरून शाबूत वाटणाऱ्या खांबाचा खालचा वीतभर भाग काळा पडून उभ्या-आडव्या भेगांनी फुटलेला, नखाने उकरला तरी चौकोनी खडे सुटतात, आणि अळंब्यांचा वास येतो.

तिथपर्यंत वेळ आली नसेल तर उपाय सोपा आहे. ग्राइंडरने खांबाच्या चारही बाजूंनी बोटभर रुंद फरशी कापून काढा. खाचेतलं सिमेंट छिन्नीने साफ करा, एका बाजूने पाणी बाहेर जायला उतार द्या आणि खाच उघडी ठेवा किंवा बारीक खडीने भरा. सिलिकॉन भरून बंद करायचा मोह होईल. सिलिकॉन कधी ना कधी एका बाजूने सुटतंच आणि मग आत गेलेलं पाणी बाहेर पडू देत नाही.

पाय कुजलाच असेल तर खांबाच्या दोन्ही अंगांनी तुळईला टेकू द्या. हे जाणत्या सुताराकडूनच करून घ्या, कौलारू छपराचं वजन थोडकं नसतं. कुजलेला भाग आणि त्याच्या वरचा आणखी वीतभर चांगला भाग कापायचा, कारण बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. खाली दोन मार्ग. फणसाच्या किंवा ऐनाच्या गाभ्याचा नवा तुकडा लांब तिरक्या जोडाने बसवून आरपार बोल्ट मारायचा, किंवा तेवढ्या उंचीचा घडीव काळा दगड देऊन खांबच आखूड करायचा. मला दुसरा जास्त पटतो. दगड कुजत नाही आणि शिंतोड्यांचा पट्टा त्याच्या अंगावर जातो.

दगड आणि लाकूड यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचा तुकडा घाला म्हणजे दगडातली ओल वर चढणार नाही. पत्रा खांबाच्या मापापेक्षा कडेने थोडा लहान कापा. मोठा राहिला तर त्याच्या काठावर पाणी थांबेल आणि तेच पाणी टोक पिईल. खांब खाली टेकवण्याआधी त्याचं कापलेलं टोक तेलात भिजवायचं, कोणत्या तेलात ते पुढे सांगते.

कुजलेल्या पोकळीत सिमेंट भरणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. कृपा करून करू नका. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, सिमेंट तसं हलत नाही, मधे फट पडते आणि आजूबाजूचं चांगलं लाकूडही जातं. ओल्या पायाला डांबर फासण्याचंही तेच.

धुणं आणि घासणं

नोव्हेंबरअखेर, चार दिवस कोरडं ऊन बघून सुरुवात करा. शेवाळ आणि काळे डाग आधी साध्या पाण्याने आणि नारळाच्या सोडणाने घासा. जिथे निघत नाही तिथे बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा. प्रेशरचा पाइप मारू नका. त्याने मऊ तंतू उखडतात, लाकडावर खळगे पडतात आणि पाणी सांध्यात खोल शिरतं.

सोड्याने साग काळपट दिसू लागतो, घाबरू नका. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. लोखंडी खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डागही यानेच जातात. ते विष आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलं-गुरं दूर ठेवा, आणि ब्लीचबरोबर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

गंजलेले खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घाला. समुद्र जवळ असेल तर ३१६ प्रतीचं स्टील मागा, थोडं महाग पडतं पण खाऱ्या हवेत टिकतं.

जुना रंग खरवडताना एक काळजी. भारतात घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. म्हणून कोरडा रंग मशीनने घासू नका. ओला करून खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, पापुद्रे कागदावर गोळा करा आणि विहिरीच्या आसपास पडू देऊ नका. उघड्या लाकडाला मग ६० नंबरचा घासकागद, त्यावर ८० किंवा १००. त्याहून गुळगुळीत केलं तर तेल नीट मुरत नाही.

छपराखालच्या भागांना, जिथे थेट पाऊस लागत नाही तिथे, बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचा हात जरूर द्या. १० लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम बोरिक आणि ४५० ग्रॅम बोरॅक्स. कीड आणि बुरशी दोन्हींवर चालतं. लाकूड किंचित दमट असताना ते जास्त खोल जातं, म्हणून धुतल्यावर लगेच, लागोपाठ दोन-तीन वेळा लावा. पावसाच्या पाण्याने ते धुऊन जातं, त्यामुळे त्यावर तेल हवंच.

आणि मग थांबा. निदान पौष-माघापर्यंत लाकूड वाऱ्यावर सुकू द्या. दोन पिना टोचून ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, वाडीत मिळून एक घेतलं तरी चालेल. आकडा १५-१६ टक्क्यांच्या खाली आला की लाकूड तयार. यंत्र नसेल तर ऊन-वारा भरपूर लागू द्या आणि घाई करू नका. तेल लावायच्या दिवशी सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर, दहाच्या पुढेच डबा उघडा.

काय लावायचं

हात लागतो तिथे एक आणि लागत नाही तिथे दुसरं, असा मी भाग करते.

खांबाचे तळ, वाशांची टोकं, तुळईची वरची बाजू यांना काजूच्या टरफलाचं तेल. होड्यांच्या लाकडालाही ते पूर्वापार लावत आले आहेत. वेंगुर्ला-मालवणकडे काजू कारखान्यांतून मिळतं. पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्म्याला निम्मं पातळ करून, म्हणजे खोल जातो. पुढचे दोन दाट. टोकं तर एखाद्या जुन्या डब्यात तेल घेऊन त्यात रात्रभर उभी करून ठेवावीत. हे तेल कातडीला बिब्ब्यासारखं उततं. काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल चोळूनच बसतात. तुम्ही जाड रबरी मोजे घाला आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. रंग काळपट तपकिरी येतो, वाळायला बरेच दिवस लागतात आणि तोवर कपड्याला डाग पडतात, म्हणून बाकाला किंवा झोपाळ्याला नको.

बाक, कठडा, झोपाळा, माडीच्या सज्जाच्या फळ्या यांना बाहेरच्या लाकडासाठीचं तयार तेल घ्या, बुरशीनाशक असलेलं आणि थोडा रंग असलेलं. अगदी पारदर्शक तेल उन्हाला अडवत नाही आणि लाकूड करडं पडत जातं. नुसतं जवसाचं तेल आपल्या हवेत चालत नाही. बुरशीला ते खाद्यच होतं आणि पहिल्याच पावसाळ्यात फळी काळी पडते. ब्रशने पातळ हात द्या, वीस-तीस मिनिटांनी न मुरलेलं तेल कापडाने पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन हात पुरतात. जाड थर चिकट राहतो आणि धूळ धरतो.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

उभ्या खांबांना, छपराच्या चांगल्या आत असतील तर, ऑइल पेंट द्यायला माझी हरकत नाही. कोरड्या लाकडावर दिला तर बरीच वर्षं टिकतो. आडव्या लाकडावर मात्र देऊ नका. तिथे पाणी उभं राहतं, थराला बारीक चीर पडते आणि त्यातून आत गेलेलं पाणी परत येत नाही. चपडा लाखेचं पॉलिश ओल लागली की पांढरं पडतं, ते घरातल्या कपाटाला शोभतं. आणि गाडीचं जळकं ऑइल, जे आमच्याकडे अजून सर्रास फासतात, ते धड वाळत नाही, उन्हात पाझरतं, पावसात वाहतं आणि त्यातले जड धातू आपल्याच विहिरीकडे जातात.

कठड्याच्या वरच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि बाहेर आलेल्या कडेच्या खालच्या अंगाला करवतीने एक बारीक खाच मारा. पाणी तिथे तुटून खाली पडतं, मागे वळून सांध्यात जात नाही. होमस्टेवाले आता उघड्यावर लाकडी डेक करतात, त्यांच्यासाठी एवढंच: दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटरची फट, खाली वारा खेळायला निदान फूटभर मोकळी जागा, फळीची टोकं बसवण्याआधी तेलात, आणि कुंड्या थेट फळीवर न ठेवता पायांच्या घडवंचीवर.

पावसात

पूर्वी मृगाआधी पडवीला झाप, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधायचे. झड अडायची पण वारा आत यायचा. आता निळी ताडपत्री वरपासून खालपर्यंत गच्च बांधतात आणि आत चार महिने कोंदट वाफ राहते. ताडपत्री बांधायचीच तर वर आणि खाली वीतभर मोकळं ठेवा, खांबाला चिकटू देऊ नका, मधे बांबूची काठी घाला. उघाड मिळाली की गुंडाळून वर करायची. कठड्यावर ओली इरली, घोंगड्या वाळत टाकायच्या नाहीत, त्यासाठी वेगळी दोरी बांधा.

घर बंद असेल तर हे कोण करणार, हा प्रश्न असतोच. शेजारच्या घरी चावीबरोबर ताडपत्रीचं कामही सांगून जा आणि श्रावणातल्या उन्हाच्या दिवसांत एखादा फोन करा. खांबाच्या पायाशी पाणी साचलंय का, वळचणीचं कौल हललंय का, एवढं विचारलं तरी पुरे. फोटो मागवा, लाल शिंतोड्यांची रेघ गेल्या वर्षीपेक्षा वर गेली असेल तर खडीचा पट्टा मातीने भरला आहे. तो पाऊस ओसरला की उपसून घ्यायचा.